शेवटचं सेमिस्टर आणि डिझाइनची इंटर्नशिप: गावाकडून दोन्ही सांभाळताना पडणारे प्रश्न

एम.ए., एम.एस्सी., एमसीए किंवा एम.डेस.च्या चौथ्या सेमिस्टरला असलेल्या आणि सोबत यूआय (ॲप-वेबसाइटचे स्क्रीन), ग्राफिक, पॅकेजिंग किंवा टेक्स्टाइल डिझाइनची इंटर्नशिप मिळालेल्या मुलामुलींसाठी ही उत्तरं आहेत. घर गावात, कॉलेज तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला, आणि कंपनी नागपूर-पुण्यात किंवा फक्त स्क्रीनवर, अशी स्थिती गृहीत धरली आहे.

दोन्ही एकत्र खरंच जमतं का?

आठवड्याला १५ ते २० तासांची इंटर्नशिप जमते. ४० तासांची जमत नाही, मग कंपनी ‘फ्लेक्झिबल’ म्हणो की आणखी काही. हिशेब करून पाहा. नव्या शैक्षणिक धोरणानंतरच्या आराखड्यात बहुतेक ठिकाणी एका सेमिस्टरला २२ क्रेडिट असतात. त्यातले १६ वर्गातल्या विषयांचे धरले तर आठवड्याला १६ तास वर्ग. उरलेले ६ क्रेडिट रिसर्च प्रोजेक्टचे. प्रोजेक्टच्या एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे एकूण १८० तास आणि १५ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला १२. वर्ग आणि प्रोजेक्ट मिळून २८ झाले. स्वतःचा अभ्यास १० तास. गाव ते कॉलेज रोज एका बाजूला तासभर यष्टी असेल तर आणखी १०-१२. पन्नास तास इथेच गेले. प्रॅक्टिकलचे विषय असतील तर वर्गाचे तास याहून वाढतात. उरलेल्यात २० तासांपेक्षा जास्त कोणी मागत असेल, तर ते झोपेतूनच काढावे लागतील.

हजेरीचं काय? आठवड्यातून दोन दिवस कंपनीत गेलो तर चालेल?

एक दिवस चालतो, दोन चालत नाहीत. ७५ टक्क्यांची अट विषयवार लागते, सगळे विषय मिळून नाही. एका विषयाचे सेमिस्टरला ६० तास होत असतील तर १५ तास बुडवता येतात. पाच दिवसांच्या आठवड्यात ठरलेला एक दिवस गैरहजर राहिलात तर साधारण २० टक्के जातात; आजारपण, लग्नकार्य, चुकलेली गाडी यांना जेमतेम पाच टक्के शिल्लक राहतात. दोन दिवस गेलात तर हजेरी सरळ ६० टक्क्यांवर येते. आणि वार निवडताना वेळापत्रक समोर ठेवा. एखाद्या विषयाचे चारपैकी दोन तास बुधवारीच असतील आणि तुम्ही बुधवारच निवडलात, तर त्या एकाच विषयात अडकाल. हे बहुतेकांच्या ध्यानात मार्चमध्ये येतं, कमी हजेरीवाल्यांची यादी नोटीस बोर्डावर लागल्यावर.

इंटर्नशिपचे क्रेडिट मिळतात का?

आपोआप नाही. महाराष्ट्रातल्या पदव्युत्तर आराखड्यात ऑन जॉब ट्रेनिंगचे ४ क्रेडिट, म्हणजे १२० तास, सहसा दुसऱ्या सेमिस्टरला असतात. चौथ्याला रिसर्च प्रोजेक्ट असतो. एमसीए, एम.डेस.सारख्या काही अभ्यासक्रमांत शेवटचं सेमिस्टरच इंडस्ट्री प्रोजेक्टचं असतं; तिथे गणित वेगळं, पूर्णवेळही जमू शकतं. आपल्या विद्यापीठाच्या वेबसाइटवरून आपल्या अभ्यासक्रमाची स्कीम डाउनलोड करा आणि चौथ्या सेमिस्टरचा तक्ता स्वतः वाचा. सीनियरने सांगितलेली स्कीम जुन्या बॅचची असू शकते.

ऑफर लेटरमध्ये काय लिहून घ्यायचं?

पाच गोष्टी: सुरू आणि संपण्याची तारीख, आठवड्याचे तास, स्टायपेंड आणि तो महिन्याच्या कितव्या तारखेला मिळणार, कामावर देखरेख कोण करणार, आणि परीक्षेची सुट्टी. पाचवी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. विदर्भातल्या विद्यापीठांच्या उन्हाळी परीक्षांचं वेळापत्रक पुढे-मागे सरकतं, म्हणून ‘१ मे ते २० मे सुट्टी’ असं लिहून घेऊ नका. ‘पहिल्या पेपरच्या १० दिवस आधीपासून शेवटच्या पेपरपर्यंत काम नाही, विद्यापीठाचं वेळापत्रक आल्यावर तारखा कळवीन’ असं घ्या. परीक्षा सरकली की सुट्टीही सोबत सरकते.

कंपनीने लेटर दिलं नाही, फक्त व्हॉट्सॲपवर ‘मंडेपासून जॉइन व्हा’ आलं, तर या पाच गोष्टी तुम्हीच ईमेलमध्ये लिहा, ‘आपलं असं ठरलं आहे’ म्हणून पाठवा आणि उत्तरात होकार मागा. रजिस्ट्रेशन फी, डिपॉझिट, ‘ट्रेनिंग किट’ यांचे पैसे मागणाऱ्याकडे जाऊच नका. निवडीसाठी दिलेलं काम चार-सहा तासांत होण्यासारखं असावं. आख्ख्या वेबसाइटचे वीस स्क्रीन फुकट मागणाऱ्याला इंटर्न नको असतो, त्याला वीस स्क्रीन हवे असतात.

कॉलेजला सांगावं की गपचूप करावं?

सांगा, आणि लेखी सांगा. एचओडी मॅडम तोंडी ‘कर ना बाळा’ म्हणतात. हजेरीची यादी मात्र ऑफिसात क्लार्क करतो आणि त्याच्याकडे कागद लागतो. अर्ज छोटाच असावा:

‘मा. विभागप्रमुख, मी एम.ए. सत्र ४ चा/ची विद्यार्थी असून मला दि. ___ ते दि. ___ या काळात आठवड्याला १६ तासांची डिझाइन इंटर्नशिप मिळाली आहे. त्यासाठी दर शुक्रवारी मी वर्गाला उपस्थित राहू शकणार नाही. इंटर्नल परीक्षा, सेमिनार व प्रोजेक्टच्या तारखांना मी हजर राहीन. कृपया परवानगी द्यावी. सोबत ऑफर लेटरची प्रत जोडली आहे.’

दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. परवानगी मिळाली म्हणजे हजेरी माफ झाली असं नाही, पण इंटर्नलच्या तारखेचा घोळ झाला तर बोलायला आधार राहतो.

कंपनीच्या कामावरच डेझर्टेशन करता येईल?

येतं, आणि जमलं तर रिसर्च प्रोजेक्टचा हा प्रबंध त्याच कामावर करावा. आठवड्याचे १२ तास दोन्हीकडे मोजले जातात, याहून मोठी बचत कुठे नाही. मात्र क्रम चुकवू नका. आधी गाईडशी बोला, मग कंपनीची लेखी परवानगी घ्या, मग सायनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) जमा करा. उलटं केलं की मंजूर सायनॉप्सिस हातात असतो आणि कंपनी म्हणते, ही माहिती बाहेर देता येणार नाही.

परवानगीत तीन वेगळे प्रश्न विचारा: कंपनीचं नाव लिहिता येईल का, स्क्रीन छापता येतील का, ग्राहकांचे आकडे वापरता येतील का. पहिल्या दोनांना होकार मिळतो, तिसऱ्याला सहसा नाही. मग आकडे तुम्ही स्वतः गोळा करा. परीक्षकांनाही तेच जास्त आवडतं.

गाईडला ‘ॲपचे स्क्रीन बनवले’ हा विषय पुरणार नाही, त्यात संशोधनाचा प्रश्न लागतो. ‘पीक नोंदीचं ॲप’ हा विषय झाला नाही. ‘पहिल्यांदा स्मार्टफोन वापरणाऱ्या संत्रा बागायतदाराला पीक नोंदीच्या फॉर्ममध्ये कुठे अडतं’ हा झाला. ॲपच हवं असंही नाही. भंडाऱ्याचं कोसा विणकाम, मेळघाट-गडचिरोलीतलं बांबूकाम, वरुड-मोर्शीच्या संत्र्याची पेटी, वर्ध्याची खादी, यांतही शेवटच्या सेमिस्टरला पुरेल एवढा विषय आहे. वर्ध्यात महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आणि मगन संग्रहालय, चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. वस्तूंच्या डिझाइनचं काम असेल तर पुण्याआधी इथे अर्ज करून पाहा. गाईडलाही भेट देता येते.

कंपनीसाठी लिहिलेला रिपोर्ट जसाच्या तसा डेझर्टेशनमध्ये टाकू नका. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार दुसऱ्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असलं तर कारवाई नाही. १० ते ४० टक्के निघालं की दुरुस्त करून पुन्हा जमा करावं लागतं, आणि मे महिन्यात तेवढा वेळ कोणाकडेच नसतो.

गावात यूझर टेस्टिंग कसं करायचं? सगळे ‘चांगलं आहे’ म्हणतात.

म्हणणारच. शेजारच्या पोरीने मेहनतीने काही बनवलं आणि तिच्या तोंडावर कोणी नावं ठेवली, असं गावात होत नाही. ‘फॉर्म भरता येईल का काका?’ विचाराल तर ‘येते नं, काऊन नाही येत’ हेच ऐकू येईल. म्हणून विचारू नका, फोन हातात द्या. ‘तुमच्या दोन एकरातल्या तुरीची नोंद करा’ एवढंच सांगा आणि गप्प बसा. अंगठा कुठे थांबतो, कोणत्या शब्दापाशी ओठ हलायला लागतात, कधी फोन नातवाकडे जातो, हे लिहा. पाच-सहा जणांनंतर त्याच त्याच अडचणी परत दिसायला लागतात. तिथे थांबून दुरुस्ती करा आणि मग दुसऱ्या पाच जणांकडे जा.

टेस्ट सावलीत करून समाधान मानू नका. एप्रिलच्या दुपारी बांधावर उभं राहून करा. घरातल्या ट्यूबलाइटखाली सुरेख दिसणारी फिकट करडी अक्षरं उन्हात गायब होतात. अक्षर आणि मागचा रंग यांतला कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा, ही वेबच्या सुलभतेची मान्य मर्यादा आहे; आपल्याकडच्या उन्हासाठी ७:१ धरलेलं बरं.

रेकॉर्डिंगला आधी परवानगी घ्या. उतरवताना ‘थे बटन दिसूनच नाही रायलं’ हे तसंच वऱ्हाडीत लिहा. त्याचं ‘बटण दृश्यमान नव्हते’ केलं की माणूस बटण शोधत होता, ही गोष्टच निघून जाते.

लाईन जाते, नेट जातं. फिग्मावरचं काम कसं वाचवायचं?

फिग्मा म्हणजे इंटरनेटवर चालणारं डिझाइनचं सॉफ्टवेअर. त्यात उघडी असलेली फाइल नेट गेल्यावरही चालू राहते. बदल त्या मशिनवर साठतात आणि नेट आल्यावर वर जातात. घोळ दोन ठिकाणी होतो. एक, नेट नसताना टॅब बंद केला तर फाइल पुन्हा उघडता येत नाही. दोन, जे पेज आधी उघडलंच नव्हतं ते ऑफलाइनमध्ये येत नाही. म्हणून काम सुरू करताना दिवसभर लागणारी पेजेस एकेकदा उघडून घ्या आणि नेट गेलं की टॅबला हात लावू नका. रोज संध्याकाळी ‘सेव्ह लोकल कॉपी’ करून फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा. फिग्माच्या एका टॅबला मेमरीची मर्यादा आहे. मोबाइलने काढलेले पाच-पाच एमबीचे फोटो तसेच टाकले की फाइल आधी जड होते, मग उघडतच नाही. फोटो आधी लहान करा.

विजेसाठी: गावठाणचा फीडर आणि शेतीपंपाचा फीडर वेगळे असतात. घर मळ्यात असेल आणि वीज शेतीच्या फीडरवरून असेल तर मीटिंगच्या दिवशी गावातल्या कोणाकडे बसायची सोय आधीच करा. महावितरणच्या देखभालीच्या कामाचे मेसेज मोबाइलवर येतात, त्यासाठी वीजबिलाला नंबर जोडलेला हवा, आणि तो बहुतेक वेळा वडिलांचा असतो. राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावला तर नेट दोन-तीन तास टिकतं. राउटर खातो जेमतेम १० वॉट. १५० एएचच्या घरच्या इन्व्हर्टरवर लॅपटॉप आणि एक पंखा सहा-सात तास निघतो, बॅटरी जुनी नसेल तर. कूलर त्यावर लावलात तर हा हिशेब सोडून द्या.

व्हिडिओ कॉल तासाला १ जीबीच्या आसपास डेटा खाऊ शकतो, नुसता आवाज ३० ते ५० एमबी. पहिल्याच आठवड्यात टीमला सांगून टाका की कॅमेरा बंद राहील आणि डिझाइनची लिंक मीटिंगच्या आधी पाठवीन. दुसऱ्या कंपनीचं सिम फोनमध्ये असू द्या. गावात कोणता टॉवर कधी झोपेल हे सांगता येत नाही.

मे महिन्यात लॅपटॉप रखडतो, बंद पडतो.

बाहेर ४५ अंश असताना मशीन स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. जड एक्सपोर्ट आणि रेंडर पहाटे पाच ते नऊमध्ये करा. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालची जाळी बंद होते. कूलरच्या थेट झोतातही ठेवू नका: ओल्या हवेचे बारीक थेंब आत जातात आणि कीबोर्ड जातो.

मराठी मजकुरात काय बिघडतं?

कंपनीत मराठी येणारे तुम्ही एकटेच असाल, तर हे सगळं तुमच्याच गळ्यात पडतं. इंग्रजीसाठी बसवलेली लाइन हाइट (ओळीची उंची) मराठीला कमी पडते. ‘र्की’सारख्या अक्षराचा रफार-वेलांटी वरून आणि ‘ट्रू’चा ऊकार खालून कापला जातो. अक्षराच्या आकाराच्या दीडपटीपासून सुरुवात करा. बटणावरचा शब्द लांबतो, ‘सेव्ह’ऐवजी ‘जतन करा’ आलं की चौकट फुटते. मुक्ता, बलू २, नोटो सान्स देवनागरी हे गूगल फॉन्ट्सवरचे टंक वापरा, ते फिग्मात सगळ्यांना दिसतात.

तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडून मजकूर आला तर तो श्रीलिपी किंवा कृतिदेव या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये असण्याची शक्यता मोठी. कॉपी-पेस्ट केला की चिन्हांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, ‘र्‍या’ आणि ‘द्ध’ हमखास मोडतात.

कॉलेजचं विद्यार्थी लायसन्स कंपनीच्या कामाला चालतं का?

नाही. फिग्मा, ऑटोडेस्क यांचे विद्यार्थ्यांसाठीचे फुकट प्लॅन शिकण्यासाठी आहेत, धंद्याच्या कामासाठी नाहीत. कंपनीला तिच्या टीममध्ये जागा द्यायला सांगा. कॉलेजची फाइल एका खात्यात, कंपनीची दुसऱ्या.

नागपूरला रोज जाणं-येणं परवडेल?

वर्धा-सेवाग्रामहून रेल्वेने साधारण सव्वा तास, आठवड्याला एक-दोन दिवस निभतं. यवतमाळ किंवा अमरावतीहून रस्त्याने दीडशे किलोमीटर, एका बाजूला तीन तास. तिथे आठवड्याला एकच दिवस ठेवा आणि बाकी घरून. एसटीचा विद्यार्थी पास घर ते कॉलेज या मार्गापुरता असतो, नागपूरच्या गाडीत चालत नाही. महिलांना मात्र एसटीत सरसकट निम्मं भाडं आहे.

स्टायपेंडमुळे शिष्यवृत्ती अडकते का?

महाडीबीटीचा (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) अर्ज भरला असेल तर लेटरमध्ये ‘इंटर्न’ आणि ‘स्टायपेंड’ हेच शब्द असू द्या, ‘एम्प्लॉयी’ आणि ‘सॅलरी’ नकोत, आणि ते लेटर शिष्यवृत्तीच्या टेबलावर आधीच दाखवा. खरी गफलत वेगळ्याच जागी होते. कंपनी म्हणते आमच्या बँकेत खातं उघडा. उघडताना तुम्ही आधार जोडायला होकार देता, आणि शिष्यवृत्तीचे पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. जुन्या खात्याचं पासबुक दर आठवड्याला भरून आणलं तरी पैसे दिसणार नाहीत. नवं खातं उघडताना डीबीटीच्या (सरकारी पैसे थेट खात्यात घेण्याच्या) रकान्यात ‘नाही’ म्हणा.

स्टायपेंडमधून १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापला तर आयकर विवरणपत्र भरून तो परत मिळतो, वर्षाचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल तर. कापलेली रक्कम आयकर पोर्टलवर आपल्या पॅनसमोर दिसते का ते बघा.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत १० हजार मिळतात म्हणे. ती घ्यावी का?

२०२४ साली आलेल्या या योजनेत पदवीधर आणि पदव्युत्तरांना महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं, पण शिक्षण चालू असलेले उमेदवार त्यात बसत नाहीत. निकाल लागू द्या, मग बघा.

घरचे म्हणतात, घरीच तर आहेस, हरभरा सोंगायला चल.

लॅपटॉपसमोर बसलेलं पोरगं घरच्यांना रिकामंच दिसतं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा-गहू थांबत नाही. भांडण्यापेक्षा कामाचे तास ठरवून भिंतीवर लिहा, उदाहरणार्थ सोम ते गुरु संध्याकाळी ७ ते १० आणि शनिवारी सकाळी ८ ते १२. एवढ्यात १६ तास होतात आणि शनिवारची सकाळ सोडली तर दिवसाचा उजेड वर्गाला आणि शेताला मोकळा राहतो. सोंगणीचे चार-पाच दिवस घरच्यांकडून अंदाजे विचारून घ्या आणि कंपनीला महिनाभर आधी कळवा. ‘फॅमिली इमर्जन्सी’ सांगण्यापेक्षा ‘घरी हार्वेस्ट आहे’ सांगितलेलं पुण्यातल्या मॅनेजरलाही कळतं.

ब्लॅक बुक कधी छापायला द्यावं?

ब्लॅक बुक म्हणजे डेझर्टेशनची बांधलेली प्रत. ती जमा करायच्या तारखेच्या किमान १५ दिवस आधी. एप्रिल-मे लग्नसराईचा, आणि तालुक्याचा छपाईवाला तेव्हा पत्रिकांत बुडालेला असतो. तुमच्या पाच प्रती त्याच्या रांगेत सगळ्यात शेवटी. फाइल पीडीएफमध्येच द्या, वर्डमध्ये दिली की त्याच्या मशिनवर फॉन्ट बदलतो आणि पानं सरकतात. बांधणीच्या बाजूला दीड इंच समास सोडा. स्क्रीनशॉट मोबाइलवरून व्हॉट्सॲपने पाठवलेले नकोत, ते दाबले जाऊन पुसट छापतात. आधी एकच प्रत काढून गाईडची सही घ्या, मग बाकीच्या.

मध्येच सोडावी लागली तर?

लेटरमध्ये नोटीस किती दिवसांची आहे ते बघा; नसेल तर १५ दिवस द्या. फायली नीट नावं देऊन, कोणती अर्धी आणि कोणती पूर्ण ते एका पानावर लिहून सोपवा, आणि झालेल्या तासांचं पत्र त्याच आठवड्यात मागा. पत्रात तारखा, एकूण तास, कामाचं स्वरूप आणि सही-शिक्का हवा. पोर्टफोलिओत कोणते स्क्रीन दाखवता येतील हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या. कंपनीचा ईमेल बंद झाल्यावर ते उत्तर शोधत बसावं लागतं, म्हणून पत्र आणि होकार दोन्ही आधी स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा.